वानवळ्याचे मुळे

माझी नात पुण्याला शिकते. गेल्या मे महिन्यात आली ती भलामोठा कागद घेऊन. मधोमध शहर आणि भोवती बाण. शहराचा कचरा मळ्यात, मळ्यातली भाजी शहरात, शहराचं सांडपाणी पुन्हा मळ्यात. "आजी, मोठ्या शहरांनी आपलं अन्न आपल्याच हद्दीत कसं पिकवायचं, त्याची ही रचना. अगदी नवीन विचार आहे," ती म्हणाली. मी चष्मा लावून पाहिलं. बाण सुबक होते. म्हटलं, "असल्याच बाणांवर बसून मी एकदा तोंडावर आपटले आहे. सांगू?" ती म्हणाली, "नंतर सांग," आणि झोपली. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही दिवाळीचा फराळ करून सुस्तावलेले असाल, पळून कुठे जाणार?

लढाईची वर्षं होती. नगरच्या छावणीत फौज वाढली आणि बागवानांची भाजी सगळी तिकडे जायला लागली. रेशनची ज्वारी मिळायची, खडे निवडून निवडून डोळे जायचे, पण तिच्याबरोबर तोंडी लावायला हिरवं पान दिसेना. मुलांच्या तोंडाचे कोपरे चिरलेले. तेव्हा गावातल्या काही मंडळींनी मिळून एक अन्नसमिती काढली. अध्यक्ष होते नानासाहेब, निवृत्त शिरस्तेदार. वेशीबाहेर पडीक जमिनीचा एक तुकडा मिळाला, बरी म्हणावी अशी एक विहीर मिळाली, आणि देखरेखीला मी मिळाले.

मी म्हणजे एकवीस वर्षांची सुशीलाबाई. वडील पाथर्डीकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर. मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, शेतकीचा तीन महिन्यांचा वर्ग केलेला, आणि त्या तीन महिन्यांत भूमातेची सगळी गुपितं कळल्याची खात्री झालेली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत आखीव कागद. मी शहराचा नकाशा काढला, गल्ल्या रंगवल्या, बाण मारले. रावळात नाही, चर्चमध्ये नाही, पण त्या नकाशापुढे मी रोज सकाळी मनोभावे उभी राहायची. आज ती मुलगी भेटली तर मी तिच्या हातात खुरपं देईन आणि कागद काढून घेईन.

बाहेरच्यांसाठी थोडं कामाचं सांगते. जेवताना वाचत असाल तर एवढा परिच्छेद सोडा. शहरातून रोज दोन गोष्टी बाहेर पडत: झाडलोटीचा कचरा आणि मैला. मैला तेव्हा टोपल्यांतून, डोक्यावरून वाहायचा. वाहणाऱ्यांची घरं वेगळी, पाण्याची जागा वेगळी, सगळंच वेगळं. आम्ही मळ्याच्या कडेला लांबट खड्डे खणले. वीतभर कचरा, त्यावर चार बोटं मैला, पुन्हा कचरा, असे थर चढवत न्यायचे आणि वरून माती लोटायची. चार दिवसांत खड्डा आतून तापतो. असा तापतो की हात ठेववत नाही. त्या उष्णतेत रोगाचे जंतू, किडे, तणाचं बी, सगळं मरतं, आणि काही महिन्यांनी काळंभोर, मातीच्या वासाचं सोनखत निघतं. झालं की नाही हे पाहायला लोखंडी पहार खुपसायची, थोड्या वेळाने उपसून हाताला लावायची. गरम लागली तर अजून शिजतंय. गार लागली तर झालं.

खड्डे भरायची काशीबाई. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने काटकुळी, बोलायला फटकळ. मला "बाई" म्हणायची, पण तोंडात त्या शब्दाचं वजन किती ठेवायचं ते रोज ठरवायची. पहिल्याच दिवशी मी तिला थरांचा कागद वाचून दाखवला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुमच्या कागदाला वास कसा न्हाई यायला?"

आमची गिऱ्हाइकंही नमुनेदार. समितीने चोवीस घरांना भाजीची कार्डं दिली होती. ज्या घरांत लहान मुलं, त्यांना आधी. एक गृहस्थ रोज सकाळी येऊन विचारत की आमच्या घरची मेथी कुठल्या वाफ्यातली आणि त्या वाफ्यात कुणाच्या गल्लीतला "माल" पडला आहे. एकीने स्वतःच्या गाईचं शेण पाटीत घालून आणलं आणि हट्ट धरला की तिची कोथिंबीर फक्त यावरच वाढवायची. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे दुर्गाकाकू. कार्ड दिलं तर त्यांनी ते चिमट्याने परत केलं. एकट्या राहणाऱ्या, कडक सोवळ्याच्या विधवा. मला त्यांच्या घराच्या पहिल्या पायरीपर्यंत येण्याची परवानगी. काशीबाईला गल्लीच्या तोंडापर्यंत. "मास्तरणी," काकू आतून ओरडायच्या, "तुझ्या त्या नरकातलं पान माझ्या दारावरून नेलंस तरी मला आंघोळ करावी लागते गं! पाणी काय तुझा बाप आणून देणार?"

पाणी. इथेच माझी मान अडकली.

वर्गात शिकवलं होतं की खड्ड्यावर आठवड्याला पाणी शिंपडावं. ओल नसेल तर आतली भट्टी विझते. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. पण मी पाथर्डीची. आमच्याकडे एका तांब्यात आंघोळ व्हायची आणि ते पाणी दोडक्याच्या वेलाला जायचं. तांदूळ धुतलेलं पाणी शेळी प्यायची. माघ सरला आणि विहिरीचा तळ दिसायला लागला तेव्हा चांगलं पाणी कचऱ्यावर ओतायचं म्हणजे मला पाप वाटलं. मी खड्ड्याचं पाणी बंद केलं आणि रोपांना दिलं. एवढंच नाही, समितीपुढे तसं सांगून शाबासकीही घेतली. नानासाहेब म्हणाले, "पाहा, काटकसर पाहा." सगळ्यांनी पाहिली. आम्ही सगळेच कोरड्या मुलखाचे; एकालाही त्यात चूक दिसली नाही.

फाल्गुनात मी पहार खुपसली. गारेगार! मला आनंदाचं भरतं आलं. पाडव्याला भाजी वाटायची असं नानासाहेबांनी जाहीर करून टाकलं होतं आणि माझे मुळे काडीसारखे. त्यांच्या बुडाशी पंधरवड्यात खताची दुसरी भर दिली असती तर फुगले असते. मी काशीबाईला म्हटलं, "उघड खड्डा."

तिने मूठभर खत उचललं, चुरडलं, फुंकर मारली. "बाई, ह्ये निजलंय. मेलं न्हाई."

"पहार गार आहे काशीबाई."

"पहार गारच लागंल. कोरडं ठाक पडलंय ह्ये. जाग आली की बगा मंग."

"वर्गात मी शिकले आहे."

"शिका की. म्या कुठं नगं म्हन्ते? खड्डा उघडू नगा, येवढंच म्हन्ते."

मी काय म्हणाले ते अक्षर न् अक्षर आठवतं, कारण नंतर वर्षानुवर्षं ते माझ्या कानात वाजलं. मी म्हणाले, "सांगते तेवढं कर."

तिने केलं.

पाडव्याला वाटप झोकात झालं. मुळे मनगटाएवढे, पांढरे सफेद, पानांसकट. कोथिंबिरीचा वास गल्लीभर. नानासाहेबांनी भाषण केलं, त्यात माझं नाव दोनदा आलं. मी मोजलं होतं, हो!

तिसऱ्या दिवशी मळ्यावर गेले तर काशीबाई उरलेल्या खताच्या ढिगाशी उभी. नेहमी काहीतरी करत असायची, त्या दिवशी नुसती उभी होती.

"काल ह्याच्यावर दोन घागरी वतल्या," ती म्हणाली. "आता हात घाला."

मी हात घातला आणि चटकन ओढून घेतला. आतून कढत. ढीग उकरला तशी वाफ निघाली आणि वास आला, ताजा, ओळखू येणारा. मी काही विचारायच्या आत तिनेच सांगितलं, "हिरीचं न्हाई घेतलं. आमच्या वस्तीवरनं आनलं." तिच्या वस्तीला पाणी अर्ध्या कोसावरून आणावं लागे. त्यातल्या दोन घागरी तिने मला शिकवण्यात घातल्या होत्या.

त्याच दुपारी गावात कुजबूज आली की वेशीपलीकडच्या पालांमध्ये एकाला पटकी झाली. पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी जुलाब सुरू झालेला माणूस दिवे लागायच्या आत जायचा, असे ते दिवस. मला जे कळलं ते असं: पालांकडच्या टोपल्याही आमच्याच खड्ड्यात पडत होत्या. माझ्या मुळ्यांच्या बुडाशी पंधरवड्यापूर्वी कच्चा मैला पडला होता. आणि मुळा माणसं कच्चा खातात. माझ्या भाजीने कुणाचं मूल गेलं तर?

 डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं आठवलं की पटकी लागायची तर साधारण पाच दिवसांत लागते. तीन दिवस गेले होते. मी पिशवी उचलली आणि चोवीस घरं पालथी घातली.

आता ऐका या शहाणीचं शहाणपण. खरं सांगितलं का मी? छे! प्रत्येक दारात म्हटलं, "मुळा राहिला असेल तर उकळून खा. नवीन शास्त्र आहे. ताकद वाढते." बायका म्हणाल्या, "उकळलेला मुळा? घर सोडून जातील माणसं!" काहींनी हसत हसत माझ्या देखत कोशिंबिरीची वाटी पुढे केली, "घ्या बाई, चाखा." मी प्रत्येक घरात पोरांचे डोळे पाहत होते, ओठ पाहत होते. एका घरात पाळण्यातलं मूल रडलं तर मी धावतच पाळण्यापाशी गेले; ते दात येत होते म्हणून रडत होतं. संध्याकाळपर्यंत चोवीसही घरं धडधाकट निघाली. मी नकाशावर चोवीस खुणा केल्या आणि पहिल्यांदा श्वास घेतला.

शेवटचं घर ठकूताईंचं होतं. तीन मुलांची आई, जीभ सैल, मन मोठं. त्या म्हणाल्या, "मुळा छान होता हो बाई. पण आमच्या वाट्याला दोनच फोडी आल्या."

"का? तुम्हाला तर जुडी दिली होती."

"अगं बाई! मळ्यातला पहिला मुळा, तोही पाडव्याचा. वानवळा नको का द्यायला?"

शेतातलं पहिलं काही आलं की ते शेजारीपाजारी वाटल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, याला वानवळा म्हणतात. हे मला ठाऊक नव्हतं का? माझी आई पहिल्या शेंगा अख्ख्या गावात वाटायची आणि वाटायला मलाच पिटाळायची. पण नकाशा काढताना ती शेंगा वाटणारी मुलगी मी घरी ठेवून आले होते. माझे बाण चोवीस घरांत जाऊन थांबत. मुळे थांबले नव्हते.

"कुणाकुणाला दिला?" मी विचारलं. ठकूताईंनी पदर सारखा केला. "दिला असाच. इकडेतिकडे."

पुन्हा सगळ्या घरांत फिरले. कुणी सांगेना! कारण वानवळा गेला होता नको तिथे. एकीने सासूच्या नकळत माहेरच्या माणसाला दिला होता. दुसरीने ज्या घरचं पाणी चालत नाही त्या घरात मागच्या दाराने दिला होता. तिसरीचं शेजारणीशी भांडण, बोलणं बंद, तरी मुळा कुंपणावरून गेला होता. आणि भांडण चालू असल्याने ते कबूल करणं शक्य नव्हतं. मी जितकं विचारत होते तितक्या त्या घट्ट मिटत होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी मी सार्वजनिक नळावर गेले. रांग कोपऱ्यापर्यंत लागली होती. तिथल्या दगडावर उभी राहिले.  म्हटलं, "बायांनो, मुळ्यांना मी कच्चं खत घातलं. काशीबाई नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. पटकी आली आहे. कुणाला मुळा दिलात ते सांगा. मी कुणाला का दिला विचारणार नाही आणि कुणाला सांगणार नाही."

नळाचं पाणी घागरीवरून वाहत राहिलं, आणि नगरात वाहतं पाणी कुणी बंद करत नाही म्हणजे काय झालं असेल समजा. मग एक म्हातारी म्हणाली, "सटवे, पोरांच्या पोटात घातलंस की गं!" मला ते लागलं, लागायलाच हवं होतं. तिच्या मागून एकेकीने तोंड उघडलं. कानात सांगितलं, पदराआडून सांगितलं. ज्या दोघींचं बोलणं बंद होतं त्यांनी एकमेकींकडे पाठ करून एकाच वेळी सांगितलं. मी लिहीत गेले. चोवीस घरांची साठाच्या वर झाली. बायका स्वतःच निघाल्या, जिने दिला तिने जाऊन सांगायचं असं ठरलं. दुपारपर्यंत उरलेले मुळे उकिरड्यावर आले. तोवर आजारी कुणी नव्हतं.

ठकूताई मात्र घुटमळत राहिल्या.  फक्त शेजारच्या दाराकडे डोळ्यांनी खूण केली. दुर्गाकाकूंच्या.

मी पायरीवर उभी राहिले. "काकू, मळ्यातला मुळा..."

"मी? त्या नरकातलं? शिव शिव शिव! तोंड धुऊन ये."

"काकू, कच्चं खत पडलं होतं. खाल्ला असेल तर डॉक्टरांना बोलावते. कुणाला कळणार नाही."

"मास्तरणी, उतर पायरीवरून."

त्यांच्या मागे चुलीपाशी मुळ्याचा पाला सुपात पसरलेला मला दिसत होता. आमच्या मुळ्याची पानं रुंद, ती मी कुठेही ओळखली असती. काकूंनी माझी नजर पाहिली आणि दार लावून घेतलं.

पाचव्या दिवशी पहाटे ठकूताईंनी मला उठवलं. काकूंना जुलाब होत होते.

ते दोन दिवस मी त्या पायरीवर काढले. वर जायची मुभा नव्हती. आत ठकूताई होत्या. मी मीठ घातलेली पेज पायरीवर ठेवायची, त्या आत न्यायच्या. माझ्या हातची पेज काकूंनी प्यायली हेही मोठंच म्हणायचं. नाहीतर त्यांना कुणी सांगितलं नसेल. डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि हात धूत म्हणाले, "पटकी आहे म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही." आतून आवाज आला नाही की मला वाटायचं गेल्या. आवाज आला की वाटायचं आता जाणार. प्रार्थना करायला बसले तर शब्दच आठवेनात. नुसतं "माझ्यावर नको, माझ्यावर नको" एवढंच येत होतं. पाहा, तेव्हाही काकूंसाठी मागत नव्हते मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतून क्षीण पण खणखणीत आवाज आला. "मास्तरणी, अजून बसलीयेस? मी मेले की उठणारेस का?" मी पायरीवर डोकं ठेवून रडले.

काकू वाचल्या. बाकी कुणाला काही झालं नाही. माझ्या मुळ्याने झालं की म्हातारपणाने, हे मला आजही माहीत नाही.

पण बभ्रा समितीच्या कानी गेला होता. आठवड्याने चौकशीला मंडळी काकूंच्याच ओसरीवर आली, कारण काकूंना अजून चालवत नव्हतं. सतरंजी घातली. मी पायरीवर. काशीबाई गल्लीच्या तोंडाशी, खांबाला टेकून. गल्ली अरुंद, ओसरीवरचा शब्द तिथपर्यंत सहज जायचा.

नानासाहेबांनी विचारलं, "काकू, समितीच्या मळ्यातली भाजी तुमच्या घरात आली होती?"

"मी त्या मळ्याचं पान शिवलेलं नाही," काकू दाराआडून म्हणाल्या. त्यांचं सोवळं वाचलं, आणि त्याच वाक्याने माझा मळाही वाचला. ठकूताईंनी जमिनीकडे पाहिलं. मी पण.

मग नानासाहेब माझ्याकडे वळले. "सुशीलाबाई, तो खड्डा कुणाच्या सांगण्यावरून उघडला?"

नळावर बायकांपुढे शूर झालेली मी. समोर सहा पुरुष, पागोटी, टोप्या, कोटाची बटणं. माझी नोकरी, माझा नकाशा, दोनदा घेतलेलं माझं नाव. मी म्हणाले, "पहार गार होती."

खोटं नव्हतं. उत्तरही नव्हतं.

"म्हणजे भरणाऱ्या बाईने थर नीट दिले नाहीत," नानासाहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. ते थांबले, माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. "तिला बदला. मळा चालू राहू द्या."

मी गल्लीच्या तोंडाशी आले. काशीबाईने विचारलं, "काय इचारलं, बाई?"

"काही नाही. काकूंना विचारलं, भाजी आली होती का."

"आन् खड्डा कुनी उघडला, त्ये इचारलं. म्या ऐकलं." आवाजात राग नव्हता. मग ती म्हणाली, "मंग उद्या येऊ का नगं?"

मी वळले आणि पळतच परत गेले. सतरंजी गुंडाळून झाली होती. नानासाहेब जोड्यात पाय घालत होते. मी धापा टाकत म्हटलं, "नानासाहेब, काशीबाईची चूक नाही. मी सांगते..." ते घाईत होते. जोड्यातलं बोट सरळ करत म्हणाले, "असं? मग लिहून द्या."

उद्या देते, मी म्हणाले. उद्याची परवा झाली. मळा दोन हंगाम चालला, लोकांनी वाखाणला, मला पुढे चांगली कामं मिळाली. काशीबाई मळ्यावर परत दिसली नाही, आणि तिची वस्ती कुठे आहे हे माहीत असून मी कधी तिकडे गेले नाही.

नानासाहेब गेले, समिती गेली. द्यायचं कुणाला ते आता राहिलं नाही. तरी लिहून देते: खड्डा मी उघडायला लावला. काशीबाई नको म्हणाली होती.